शोधमर्यादेखाली

सल्मे आली ती लोणच्याची बरणी पोटाशी धरून.
बरणीत विहिरीचं पाणी,
झाकणाच्या आत गेल्या वर्षीच्या शेपूची काडी चिकटलेली.
मी म्हटलं, आजी, असा नमुना चालत नाही.
ती म्हणाली, वास घे.

घेतला. डांबर, आणि डांबराच्या मागे
काहीतरी गोडसर, दवाखान्याच्या फरशीसारखं.
कोह्त्ला-यार्वेत हा वास कुणाला नवा नाही.
राखेच्या डोंगरांवरून वारा सुटला
की दोरीवरच्या चादरी तो घेऊनच घरात येतात.
पण नाकाच्या सहीचा अहवाल कुठे चालतो?
दुसऱ्या दिवशी मीच गेले तिच्या विहिरीवर,
तपकिरी बाटल्या घेऊन.

भट्टीत टांगलेलं वेटोळं:
तीस मीटर काच, आतली पोकळी पाव मिलिमीटर,
आणि त्या पोकळीला आतून दिलेला लेप,
इतका पातळ की त्याच्यावर विश्वासच ठेवावा लागतो.
शितावरून भाताची परीक्षा करतात,
इथे शिताचाही कण, एक मायक्रोलिटर.
लोभाने जास्त भरलं
तर शिखर पुढे वाकतं
पोतं पाठीवर घेतलेल्या माणसासारखं.

जे वाफ होतं तेच या वाटेने जातं.
जड असतं ते दारातच बसतं, काचेवर काळा डाग होऊन.
नाजूक असतं ते तापल्या दारात मोडतं,
आणि पलीकडे पोचतात त्याचे तुकडे
भलत्याच नावांनी.
उरलेले सुटतात हायड्रोजनच्या वाऱ्यावर,
कुणी लेपात रेंगाळत, कुणी मागे वळून न बघता.

एकेचाळीस मिनिटांवर एक शिखर.
त्याच्या उजव्या खांद्याशी अजून काहीतरी.
लग्नाच्या फोटोत कुणीतरी कुणाच्या तरी मागे उभं असतं,
नुसता कान दिसतो, तसं.

हिल्लारने चष्मा कपाळावर सरकवला.
"साठ मीटरची लावणार असशील तर लाव.
दुप्पट वेळ बसशील,
आणि त्या दोघांमधली फट दीडपटही होणार नाही.
वर्गमुळाचा हिशेब आहे, पोरी,
तो कुणाला सवलत देत नाही."
कोट घालून तो बस गाठायला गेला.

मी लावली.
साडेनऊला खिडकीबाहेर बर्फ पडत होता की राख, कळत नव्हतं.
शेवटाकडे कोरी रेषा आपणहून वर चढू लागली.
उष्णतेने नळीचाच लेप सुटत होता,
यंत्र आता स्वतःलाच मोजत होतं.
खांदा सुटला. थोडासाच.

गोंगाटाच्या तिप्पट उंच असेल
तरच आम्ही कशाला "आहे" म्हणतो.
हे दुपटीहून जरा वर.
मी पुन्हा चालवलं. मग जुनी सुई बदलून. मग पहाटे.
दुपटीहून जरा वर.

बाबांचा एक्स-रे उजेडासमोर धरून
डॉक्टर म्हणाले होते, काही दिसत नाही.
तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि मला आनंद झाला होता.

अहवालात त्या ओळीसमोर एकच चौकट असते.
मी लिहिलं: शोधमर्यादेखाली.
पुढे मर्यादेचा आकडा,
आणि पेन उचलल्यावरही
हात तिथेच राहिला थोडा वेळ.

सल्मेने कागद लांब धरून वाचला.
"म्हणजे नाही?"
"म्हणजे आमच्या चाळणीची भोकं एवढी आहेत, आजी.
त्याहून बारीक काय गळून गेलं
ते चाळणीला विचारून उपयोग नाही."

कागदाची घडी करून तिने कोटाच्या खिशात घातली,
आणि बरणी मागितली. काकड्या घालायच्या होत्या.
ती मी अॅसिटोनने तीनदा धुऊन ठेवली होती.

झाकण उघडून तिने नाक आत घातलं.
बराच वेळ.
मग काही न बोलता
झाकण घट्ट लावलं.